महापुरुषांचा सातबारा कोणाच्याच नावावर चढवू नका

नगरपरिषदेच्या सदस्यांना आणि शहरातल्या सर्व जयंती उत्सव मंडळांना खुले पत्र

माननीय नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि जयंती उत्सव मंडळांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर नगरपरिषदेच्या सभागृहात आपली संयुक्त बैठक झाली. त्यात ठरलं की यापुढे प्रत्येक महापुरुषाच्या जयंतीचं नियोजन, मिरवणूक, चौकाची सजावट आणि वर्गणी हे सगळं 'संबंधित समाजाच्या' मंडळाकडे राहील. मुख्य वक्ताही शक्यतो त्याच समाजातला असावा. शाळांनीही भाषणासाठी त्या त्या समाजातल्या विद्यार्थ्यांना पुढे करावं. ठरावाची प्रत मी मागवून घेतली. शेवटी 'ठराव बिनविरोध मंजूर' असं लिहिलेलं आहे. माझा विरोध आहे. तो चारचौघांना कळावा म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांची यादी वाचताना निम्मी नावं माझ्या हजेरीपटावरची निघाली, म्हणून थोडं हक्कानं बोलते. सगळ्या नोकरीभर मी तुम्हाला हे शिकवलं की ही माणसं सगळ्यांची आहेत. आज तुमच्याच सहीनं त्याच्या उलट कागद निघाला आहे. तो वाचून गप्प बसले, तर वर्गात उभं राहून जे बोलले त्याला काही अर्थ उरणार नाही.

ठरावामागचं कारण मला ठाऊक आहे. फ्लेक्स फाडल्यावरून गेल्या वर्षी जो प्रकार झाला, बाजारपेठ बंद राहिली, पोरांवर गुन्हे दाखल झाले, ते पुन्हा नको असं सगळ्यांनाच वाटतं. आपापलं आपण सांभाळलं म्हणजे कोणाचा कोणाला धक्का लागणार नाही, हा तुमचा हिशेब. हेतूबद्दल मला शंका नाही. पण वाद टाळण्यासाठी तुम्ही जी वाटणी केलीत, ती ज्यांची केली त्यांच्या आयुष्याला धरून नाही. माणूस राष्ट्राचा कशामुळे होतो, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारलेला दिसत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे माणूस राष्ट्रपुरुष होतो तो त्याच्या जन्मानं नव्हे आणि सरकारी यादीत नाव आल्यानंही नव्हे. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रक काढतो, कोणाच्या जयंतीला तसबिरीला हार घालायचा ते त्यात लिहिलेलं असतं. ते परिपत्रक निघण्याच्या कितीतरी आधी ही माणसं लोकांची झालेली होती. ज्यांचं त्यांच्याशी रक्ताचं, जातीचं, कधी कधी भाषेचंही नातं नव्हतं, अशा लोकांनी त्यांना आपलं म्हटलं आणि त्यासाठी काहीतरी पदरमोड केली, झीज सोसली. हे घडलं तेव्हा ती माणसं राष्ट्राची झाली.

लोकमान्यांचं उदाहरण घ्या. २२ जुलै १९०८ ला त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईतल्या गिरण्या थांबल्या. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवस संप चालला. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली ती माणसं. दिवस भरला नाही तर खाडा लागायचा, चाळीत चूल पेटायची नाही. गोळीबार झाला, त्यात माणसं मेली. त्यांच्यापैकी कितीजण टिळकांच्या समाजातले असतील? टिळकांचे विरोधक त्यांना 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवत. मला विचाराल तर टिळकांच्या राष्ट्रीयत्वाचा तोच सगळ्यात मोठा दाखला आहे. आणि तुमच्या ठरावाबरोबरच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे कोणत्या समाजाचं मंडळ लिहिलं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

शिवरायांचं तर विचारूच नका. १८६९ साली त्यांच्यावर पोवाडा लिहून छापला तो जोतीराव फुल्यांनी. रायगडावरचा उत्सव १८९६ साली सुरू केला तो टिळकांनी. १९२७ साली बदलापूरच्या शिवजयंतीचं अध्यक्षपद भूषवलं ते बाबासाहेब आंबेडकरांनी. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती बंगालची गोष्ट. अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालची धूळधाण केली होती. तिथल्या आया पोरांना झोपवताना 'बर्गी' आले म्हणून भीती घालत. ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. ज्या मुलखात मराठी घोडेस्वारांची अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्याच बंगालात सखाराम गणेश देउस्कर या तिकडे वाढलेल्या मराठी माणसाच्या पुढाकारानं शिवाजी उत्सव झाले आणि १९०४ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी शिवरायांवर बंगालीत कविता लिहिली. ज्यांच्या पूर्वजांना मराठ्यांनी लुटलं, त्यांनी मराठ्यांच्या राजाला आपलं मानलं. राष्ट्रपुरुष असणं म्हणजे काय, ते मी वर्गात याच गोष्टीवरून सांगत असे.

त्याच बंगालनं पुढे बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं. १९४६ साली मुंबईतून त्यांना वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट केली आणि बाबासाहेब बंगालच्या विधानसभेतून निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली, मग ते मुंबईतून आले. आज ज्या संविधानाची शपथ घेऊन तुम्ही नगरसेवक म्हणून बसता, त्याच्या शिल्पकाराला सभागृहाचं दार पहिल्यांदा उघडून दिलं ते मराठी न येणाऱ्यांनी.

महाडची हकीकत तुम्हाला पाठ आहे असं मी धरून चालते, तरी तिची एक बाजू पुन्हा सांगते. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा ठराव १९२३ साली मुंबई कौन्सिलात मांडला सीताराम केशव बोले यांनी. तो महाडच्या चवदार तळ्याला लागू केला तो नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी. मार्च १९२७ च्या परिषदेच्या उभारणीत अनंतराव चित्रे होते. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. यातले कोणीच बाबासाहेबांच्या समाजातले नव्हते. त्यांच्या जाती मी इथे लिहीत नाही. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे यांना आपापल्या घरातून आणि आळीतून काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता, कारण तुम्हीही याच गावात राहता.

लाभ कोणाला झाला हेही बघा. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. खोतांच्या जाचाखाली राबणारी कोकणातली कुळं म्हणजे कुणबी, आगरी, भंडारी, मराठा, महार सगळीच. कोकणातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा नारायण नागू पाटलांनी उभा केलेला, वर्षानुवर्षं चाललेला संप होता, त्यालाही बाबासाहेबांचा आधार होता. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूनं ते १९२८ मध्येच बोलले होते. हिंदू कोड बिल अडलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. आज माझ्या नावावर माहेरच्या जमिनीचा हिस्सा चढू शकतो, त्यामागे त्यांची ती झुंज आहे. आणि तुमच्या ठरावाप्रमाणे मी त्यांच्या 'संबंधित समाजात' बसत नाही!

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार शाळेची. ती मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ठराव कागदावर कितीही निरुपद्रवी दिसला तरी त्याचं काय होतं ते तिथे दिसलं. १ ऑगस्ट १९२० या एकाच तारखेला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले आणि तिकडे वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यामुळे शाळांमध्ये त्या दिवशी एकाच टेबलावर दोन तसबिरी असतात. आमच्या वेळी अण्णाभाऊंच्या तसबिरीचा मागचा टेकू मोडलेला होता, म्हणून ती खडूच्या खोक्याला टेकवून ठेवायचो आणि शेजारी टिळक. एकच उदबत्ती, एकच नारळ. मंडालेच्या तुरुंगात ग्रंथ लिहिणारा एक विद्वान आणि शाळेचं तोंड धड न पाहता पोवाडे आणि कादंबऱ्या लिहिणारा एक शाहीर. त्या एका टेबलासमोर उभं राहून मुलांना महाराष्ट्र समजावून सांगता यायचा.

यंदा इथल्या एका शाळेत दोन टेबलं मांडली गेली. व्हरांड्याच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरं. आठवीतल्या एका मुलीनं अण्णाभाऊंवर भाषण तयार केलं होतं. चार घड्या घातलेला फुलस्केप कागद मी पाहिला आहे, आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडूनच शुद्धलेखन तपासून घेऊन गेली होती. अण्णाभाऊ आपल्या घरच्यांबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी गेले, तो भाग तिनं सगळ्यात मन लावून लिहिला होता. तिचे पणजोबा असेच घर सोडून गिरणीत कामाला गेले होते आणि ती गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. सकाळी तिला सांगण्यात आलं की तू टिळकांवर बोल, अण्णाभाऊंवर त्यांच्यातला मुलगा बोलेल. ती टिळकांवर बोलली नाही, रांगेत जाऊन बसली. ज्या मुलाला उभं केलं त्याची काहीच तयारी नव्हती, त्यालाही आदल्या दिवशीच कळलं होतं. तो दोन वाक्यं बोलून थांबला आणि खाली मान घालून गेला. दोन्ही मुलांचा अपमान झाला. शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांच्या टेबलावर नगरपरिषदेचं पत्र होतं.

दुसरी तक्रार तुमच्या तक्त्याची. डावीकडे महापुरुष, उजवीकडे 'संबंधित मंडळ', अशा दोन रकान्यांचा तो कागद. २ ऑक्टोबरच्या गांधीजी आणि शास्त्रीजी यांच्या नावांपुढे 'नगरपरिषद कर्मचारी' असं लिहिलं आहे, कारण या गावात त्यांच्या समाजाचं मंडळ नाही. साने गुरुजींचं तर नावच नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करणारा माणूस, आणि त्याच्यासाठी तुमच्या तक्त्यात ओळ नाही, कारण त्याच्यासाठी वर्गणी गोळा करणारं कोणी नाही. ज्याच्या पाठीशी गावात मतांची संख्या नाही, तो महापुरुष या पद्धतीत बेवारस ठरतो. मौलाना आझादांचीही तीच गत. आज तुम्हाला हे किरकोळ वाटेल. पण शहर बदलतं, वस्त्या हलतात, उद्या कोणत्याही नावावर ही पाळी येऊ शकते.

तिसरी तक्रार सावित्रीबाईंबद्दल. त्यांचा संबंधित समाज कोणता? १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या कामात जोतीरावांना साथ देणारे सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर, सखाराम परांजपे वेगळ्या समाजातले होते. घराबाहेर पडावं लागलं तेव्हा फुले दांपत्याला आसरा दिला उस्मान शेख यांनी. फुले दांपत्यानं दत्तक घेतलेला यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई गेल्या त्या अस्पृश्य वस्तीतल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना लागण झाली म्हणून. आता सांगा, कोणत्या मंडळाच्या ताब्यात त्यांना देणार? या शहरातली शाळेत जाणारी प्रत्येक मुलगी त्यांची वारस आहे. जोतीरावांना 'महात्मा' म्हटलं गेलं तेसुद्धा १८८८ साली मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातल्या जाहीर सभेत. शाहू महाराजांना 'राजर्षी' ही पदवी दिली ती १९१९ साली कानपूरच्या कुर्मी परिषदेनं. आपण ज्या पदव्या अभिमानानं फ्लेक्सवर छापतो, त्या कोणी दिल्या एवढं तरी पाहा.

चौथी, वर्गणीची. पूर्वी पावतीपुस्तक सगळ्या बाजारपेठेत फिरायचं. रक्कम लहान असायची, पण प्रत्येक दुकानदाराच्या गल्ल्यात सगळ्या जयंत्यांच्या पावत्या सापडायच्या. आता 'तुमच्या माणसांकडून घ्या' असं उत्तर मिळतं, आणि उत्तर देणारा ठरावाकडे बोट दाखवतो.

पाचवी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते आणि ती मंडळांपेक्षा बाकीच्या शहराविरुद्ध आहे. एकेका समाजानं एकेक महापुरुष 'बळकावला' असं बोलण्याची पद्धत पडली आहे. हे बोलणं खोटं आणि अन्यायाचं आहे. बाबासाहेबांची जयंती पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षं ती फक्त वस्त्यांमधून होत राहिली, कारण बाकीचे फिरकले नाहीत. अण्णाभाऊ १९६९ साली गेले ते हलाखीत. त्यांचं नाव पुढे कोणी जिवंत ठेवलं? विद्यापीठांना आणि साहित्यसंस्थांना जाग येण्याआधी वस्तीतल्या पोरांनी ते ठेवलं, पोटाला चिमटा काढून वर्गणी भरून. ज्यांनी जपलं त्यांच्यावर मालकीचा आरोप करायचा आणि जे कधी आलेच नाहीत त्यांनी समतेचे धडे द्यायचे, हे मला मान्य नाही. माझा राग ठरावावर आहे तो याचसाठी. न येणाऱ्यांना आतापर्यंत निदान मनातून थोडी लाज वाटत होती. तुमच्या कागदानं त्यांना न येण्याची रीतसर परवानगी दिली.

म्हणून ज्यांची मंडळं वर्षानुवर्षं मोठी आणि श्रीमंत आहेत, ज्यांना व्यासपीठावर बोलावलं जातं, त्यांना माझं वेगळं सांगणं आहे. १४ एप्रिलला हार घालून फोटो काढून निघून जाऊ नका. रात्री सतरंज्या उचलायला थांबा. १ ऑगस्टला खुर्चीवर नव्हे, समोर बसून शाहिरी ऐका.

एक आक्षेप माझ्यापर्यंत आला आहे, की बाई इतिहास गोड करून सांगतात, ही माणसं एकमेकांशी भांडलेली होती. होय, भांडली होती, आणि कडाडून. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करावेत की नाही, या वेदोक्त प्रकरणात टिळक शाहू महाराजांच्या विरोधात उभे राहिले. मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, तो मला कधीही पटला नाही आणि मी तो वर्गात झाकलाही नाही. बाबासाहेब आणि गांधीजी यांच्यातला स्वतंत्र मतदारसंघांवरून झालेला १९३२ चा संघर्ष तर साऱ्या देशानं पाहिला. पण हीच माणसं जामीनही राहत. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांविरुद्धच्या लेखनावरून, टिळक-आगरकरांवर खटला झाला, तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे जामीन द्यायला पुढे आले. टिळकांची मतं जोतीरावांना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? मतभेदासकट एका घरात राहता येतं हे ज्यांनी दाखवलं, त्यांच्या तसबिरी आपण व्हरांड्याच्या दोन टोकांना मांडतो आहोत. त्यांची भांडणं मुलांना जरूर शिकवा. पण ती विचारांची भांडणं होती, ती जातींची म्हणून शिकवू नका.

आणि हे फक्त आधुनिक काळाचं नाही. संतांनाही आपण असंच वाटून टाकलं आहे. नामदेव शिंप्यांचे, सावता माळ्यांचे, गोरोबा कुंभारांचे, सेना न्हाव्यांचे, नरहरी सोनारांचे. मंगळवेढ्याला वेशीची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली ती नामदेवांनी, असं परंपरा सांगते. त्या नामदेवांची ६१ पदं शीखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. तिकडचा शेतकरी नामदेवांपुढे डोकं ठेवताना त्यांची जात विचारत नाही.

महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांना असलेली जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. आपल्या नगरपरिषदेनंही त्याप्रमाणे पाट्या बदलल्या, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. गल्लीच्या पाटीवरून जात काढायची आणि महापुरुषाच्या नावापुढे ती लावायची, या दोन गोष्टी एकाच कार्यालयातून निघू शकत नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. ठरावातला 'संबंधित समाज' हा शब्दप्रयोग आणि त्यासोबतचा तक्ता रद्द करावा. दुरुस्ती नको, रद्द.

२. सर्व जयंत्यांसाठी एकच शहर समिती नेमावी, तीत सगळ्या मंडळांची माणसं असावीत. मात्र ज्या मंडळानं एखादी जयंती आजवर सांभाळली, पहिला मान आणि पुढाकार त्याचाच राहावा. बाकीच्यांनी कामाला यायचं आहे, ताबा घ्यायला नाही. ही अट लेखी असावी.

३. वक्ता ठरवताना त्याचा अभ्यास पाहावा, जात विचारू नये.

४. शाळांना पाठवलेलं पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र पाठवावं. भाषणाची निवड शिक्षकांवर सोडावी. १ ऑगस्टला टेबल एकच असेल, हे त्यात स्पष्ट लिहावं.

५. पावतीपुस्तक एक, हिशेब एक, आणि तो नगरपरिषदेच्या फलकावर लावावा.

६. पुतळ्यांच्या चौथऱ्यावर आणि कठड्यावर कोणत्याही संघटनेचा झेंडा किंवा फ्लेक्स लावू नये. तारखेनुसार की तिथीनुसार, यावरून चौक अडवू नये. दोन्ही दिवस नमस्कार करायला कोणाची हरकत नसावी.

७. डीजेवर जाणाऱ्या पैशातला काही भाग नगर वाचनालयाला द्यावा. बाबासाहेबांची भाषणं आणि लेखन, जोतीरावांचं समग्र वाङ्मय हे सरकारनंच छापलेलं आहे. आपल्या वाचनालयात त्यांचे सगळे खंड आज नाहीत.

८. साने गुरुजींचं नाव यादीत घ्यावं. २४ डिसेंबरला त्यांची जयंती असते. कोणतंही मंडळ पुढे आलं नाही तर त्या दिवसाची जबाबदारी मी आणि माझे काही जुने विद्यार्थी घेऊ.

बंदोबस्ताचा प्रश्न राहतो, तो मी टाळत नाही. पोलिसांना एका मिरवणुकीमागे एक जबाबदार माणूस हवा असतो, हे खरं आहे. शहर समितीतून तसा माणूस प्रत्येक जयंतीला देता येईल, त्यासाठी जातीनुसार विभागणी लागत नाही. एकाच मिरवणुकीत सगळ्या मंडळांची पोरं असली तर फ्लेक्स फाडायला कोण जाईल, याचाही विचार करावा.

या पत्राची प्रत नगरपरिषदेच्या आवक विभागात दिली आहे आणि पोच माझ्याकडे आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते, त्याआधी फेरविचारासाठी सभा बोलवावी आणि ती नागरिकांना खुली ठेवावी. मला बोलायला पाच मिनिटं पुरतील. माझ्यानंतर आठवीतल्या त्या मुलीला, तिच्या घरच्यांची परवानगी असेल तर, तिचं राहिलेलं भाषण तिथे करू द्यावं.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका